पॉइंट बत्तीसच का? गोरेगावच्या चहाटपरीवरचा एक प्रश्न आणि दीडशे वर्षांचं उत्तर

 

परवा गोरेगावच्या बसस्टँडजवळ एक सुभेदारसाहेब भेटले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. फौजेतून निवृत्त झाले, आता एका खाजगी ठिकाणी सुरक्षेचं काम बघतात. परवान्यावर .३२ बोअरचं अशनि पिस्तूल आहे, सरकारी कारखान्यातलं. चहा अर्धा झाल्यावर हळूच म्हणाले, "भाऊ, तू सारं वाचत रायतेस. सांग मले, याले ९ एमएमची नळी बसवता येते का? अमेरिकेत लोक घरबसल्या बदलतेत म्हणे. म्या मोबाईलवर पायलं."

म्हटलं, साहेब, नळी बसेल का हे नंतर बघू. आधी तुम्ही कुठे जाऊन बसाल ते बघा.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, त्यात बदल करणं, सगळं एकाच ओळीत बंद. हा परवाना म्हणजे तुमचा-माझा बाळगण्याचा परवाना नव्हे, कारखानदाराचा आणि विक्रेत्याचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप. त्यात ९ एमएम म्हणजे 'प्रतिबंधित बोअर', म्हणजे त्याचं कलम वेगळं.

सुभेदारसाहेब कायदा मानणारे आहेत. मान हलवली, विषय संपला असं वाटलं. मग म्हणाले, "ते ठीक हाय. पण कायले? फौजेत ९ एमएमची कार्बाइन मह्या हातात होती. तवा सरकारचा भरोसा होता. घरी आलो त पॉइंट बत्तीस. मीच बदललो का?"

या 'कायले'चं उत्तर त्या चहात बसणारं नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

आधी एक गैरसमज काढतो. बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, हे खरं. .३२ म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले साधारण बत्तीस. पण नुसती नळी रुंद करून बंदूक दुसऱ्या बोअरची होत नाही. काडतुसाची लांबी, बुडाची कड, आतल्या वायूचा दाब हे सगळं बदलतं. .३२ च्या छोट्या पिस्तुलात काडतूस फुटताना मागचा भाग फक्त स्प्रिंग आणि स्वतःच्या वजनाने दाबून धरलेला असतो. ९ एमएमचा दाब त्याहून खूप जास्त, त्यामुळे त्या पिस्तुलांत सहसा नळी आणि वरचा सरकता भाग क्षणभर एकमेकांत अडकून राहण्याची रचना असते. सुभेदारसाहेबांच्या पिस्तुलाचं ९ एमएम करायला गेलात तर पिस्तूल नाही, हात जाईल. मोबाईलवर जे दिसतं ते बहुतेक उलट असतं. मूळ मोठ्या बोअरचं पिस्तूल, त्याला वरचा अर्धा भाग आणि मॅगझिन बदलून .२२ चं करायचं, सरावाच्या गोळ्या स्वस्त पडाव्यात म्हणून. कोल्ट कंपनीने १९३८ मध्ये आपल्या .४५ पिस्तुलासाठी असा संच बाजारात आणला. त्यातली मुख्य युक्ती मार्शल विल्यम्स नावाच्या माणसाची. हा खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात होता आणि तिथल्याच वर्कशॉपमध्ये त्याने बंदुकांचे नमुने घडवले होते. तुरुंगाधिकाऱ्याने ते करू दिलं, हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला.

असो. तिकडे बोअर बदलतो नेमबाज, पैसे वाचवायला. आपल्याकडे बोअर बदलला सरकारने, आणि कारण पैसे नव्हतं.

चला १८५७ ला. एनफिल्डच्या काडतुसाची चरबी शाळेत सगळ्यांनी वाचली आहे. पण त्या एनफिल्डचं पुढे काय झालं ते शाळेत कोणी सांगत नाही. ती .५७७ बोअरची, आत आटे पाडलेली रायफल होती. आट्यांमुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर नेम लागतो. उठाव मोडल्यावर इंग्रजांपुढे प्रश्न आला: देशी पलटणी तर लागणारच, पण त्यांच्या हातात हीच बंदूक द्यायची? उत्तर त्यांनी कागदावर नाही, लोखंडावर लिहिलं. नळ्या आतून घासून .६५६ च्या गुळगुळीत केल्या. पुढे तशाच नव्या बनवल्या, वरचा नेम धरायचा भागही साधा करून टाकला. बाहेरून बघाल तर तीच एनफिल्ड. खांद्याला लावली तर लांबचा नेम लागत नाही. शिपाई तोच, पगार तोच, बंदूक आतून पोकळ केलेली.

माझ्या माहितीत बोअर बदलून माणसावरचा अविश्वास नोंदवण्याचा आपल्याकडचा हा पहिला मोठा कार्यक्रम. पुढे हीच रीत पडली. गोऱ्या सैनिकाला मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी शिपायाकडे जुनी स्नायडर. त्याला मार्टिनी मिळेपर्यंत गोऱ्याकडे मॅगझिनची रायफल. कायम एक पाऊल मागे. तोफखाना तर जवळजवळ सगळा गोऱ्यांच्याच हाती.

हे झालं शिपायाचं. प्रजेसाठी १८७८ चा शस्त्र कायदा आला, लॉर्ड लिटनचा. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला सूट. काँग्रेसचं तिसरं अधिवेशन १८८७ मध्ये मद्रासला भरलं, तेव्हापासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले.

तरी एक फट राहिलीच होती. परवाना मिळालेल्या जमीनदाराकडे, मालगुजाराकडे, शिकारी साहेबाकडे सैन्याच्याच बोअरची बंदूक असेल, तर छावणीतून चोरलेली गोळी तिच्यात चालणार. सरकारला बंदुकीपेक्षा गोळीची भीती जास्त होती, आणि ती हुशारीची भीती होती. बंदूक लपवता येते, वर्षानुवर्षं टिकते, पण गोळ्या संपतात. त्या पुरवायला कारखानाच लागतो. म्हणून नियम केला: लष्करी बोअर प्रजेला नाही. .३०३ बंद. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफलींची हिंदुस्थानात आयातही बंद केली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्रीचा दारूगोळा त्याच व्यासाचा होता. वाघ-हत्तीच्या शिकारीला ही .४५० लोकप्रिय होती. विलायतेतले बंदूकवाले रडत बसले नाहीत. हॉलंड अँड हॉलंडने .४६५ काढली, दुसऱ्याने .४७०, तिसऱ्याने .४७५. आज जगभरचे शौकीन .४७० चं नाव कौतुकाने घेतात. तिचा जन्म आपल्याकडच्या एका सरकारी बंदीतून झाला.

मध्यम बोअरला तोडगा निघाला .३१५. मूळ ऑस्ट्रियाच्या सैन्याचं ८ मिलीमीटरचं काडतूस. आपल्या सैन्यात ते नव्हतं, म्हणून प्रजेला चालेल. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली रायफलीच्याच सांगाड्यावर .३१५ ची नळी बसवून माल पाठवला, आणि स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने तोच धंदा पुढे चालवला. .३०३ आणि .३१५ यांच्यात फरक किती? इंचाचे बारा हजारांश. म्हणजे मिलीमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. काडतुसाचा आकारही वेगळा, त्यामुळे पोलिसाची गोळी त्यात घालता येत नाही. त्या तिसऱ्या हिश्शावर साम्राज्याची झोप अवलंबून होती.

नागझिऱ्याच्या भोवती, नवेगावच्या बाजूला जुन्या घरांमध्ये ज्या रायफली होत्या त्या याच. आमच्या घरी आजोबांची एक होती. लहानपणी मी तिला 'तीनशेपंधरा' म्हणायचो आणि मला वाटायचं ती किंमत आहे. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला, शिकार संपली, रायफल कपाटात गेली, आणि आजोबा गेल्यावर काकांनी ती रीतसर जमा केली. पण हा बोअर असा आडनिडा का, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. परवान्यावर लिहिलंय, म्हणून.

आता जे सांगतो ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. प्रजेचं झालं, शिपायाचं झालं, उरले पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी. त्यांना बंदूक द्यावी लागते, पण ती हिसकावली गेली तर? किंवा तोच फिरला तर? मग ईशापूरला .३०३ रायफली घेतल्या, आतले आटे काढून .४१० बोअरच्या गुळगुळीत केल्या, आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला. एका वेळी एकच गोळी. काडतूस .३०३ च्याच पितळी नळकांड्याचं, फक्त मान न आवळता सरळ ठेवलेलं. हेच आपल्या पोलिसांचं प्रसिद्ध 'चारशेदहा मस्केट'. म्हातारे हवालदार आजही या नावाने आठवणी सांगतात. स्वतःच्या पोलिसाच्या हातातली बंदूक मुद्दाम लुळी करून द्यायची, आणि वर त्याला म्हणायचं, जा, कायदा-सुव्यवस्था राख.

पिस्तुलाकडे येतो, कारण प्रश्न पिस्तुलाचा होता. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाने एकोणिसावं शतक संपताना बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी एक लहान पिस्तूल आणि त्याचं काडतूस बनवलं. युरोपात त्याला ७.६५ म्हणतात, अमेरिकेत आणि आपल्याकडे .३२. एक चाप, एक गोळी, पुढची गोळी आपोआप तयार. खिशात मावणारं. या ब्राउनिंग नावाची महाराष्ट्राशी ओळख २१ डिसेंबर १९०९ ला झाली. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग, आणि कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे. लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं इकडे आली होती, असं खटल्यात पुढे आलं. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. बोअरच्या नियमांनी जे अडवायचं होतं ते एका ट्रंकेतून आलं, हे सरकारने पाहिलं. तरी नियम गेले नाहीत.

आणि १९४७ नंतर? इथे मी थोडा वेळ थांबणार आहे.

१९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हाच विषय आला. ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. कामत निवडून आले होते मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, म्हणजे आपला गोरेगाव तेव्हा ज्या प्रांतात होता तिथूनच. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. मुद्दा सरळ होता: प्रत्येकाला बाजारात जाऊन हवी ती हत्यारं घेण्याचा हक्क दिला तर राज्य चालणार कसं? सूचना पडली. मी व्यक्तिशः बाबासाहेबांच्या बाजूने आहे. ज्या जिल्ह्यात आपण राहतो, देवरी-सालेकसाकडे गेली कित्येक वर्षं जे पाहिलं, त्यानंतर घरोघरी बंदूक ही कल्पना मला नको.

पण शस्त्र द्यावं की नाही हा एक प्रश्न, आणि कुठल्या बोअरचं द्यावं हा दुसरा. पहिल्यावर आपल्या माणसांनी आपल्या डोक्याने वाद घातला. दुसऱ्यावर कोणी वाद घातल्याचं मला सापडत नाही. १९५९ चा कायदा झाला, १९६२ चे नियम आले, आणि त्यांच्या पहिल्या अनुसूचीत बघा काय आहे. .३०३ किंवा ७.६२ चा लष्करी दारूगोळा चालेल अशा रायफली. .४१० ची मस्केट. .३८० किंवा .४५५ चं कडेचं काडतूस, किंवा सैन्याचं ९ एमएम वा .४५ चालेल अशी पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर, कार्बाइन. हे सगळं प्रतिबंधित. यातलं .४५५ म्हणजे पहिल्या महायुद्धातली वेब्ली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेची यादी आपण स्वच्छ अक्षरात उतरवून घेतली आणि खाली नव्या काळाचे ७.६२ जोडले. २०१६ ला नवे नियम आले, यादी जवळजवळ तशीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० ला .३०३ ला समारंभाने निरोप दिला. यादीतून तिला निरोप मिळालेला नाही.

सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर ही याच यादीची निर्मिती. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर मुळात वेब्लीच्या .३८ च्या घडणीचं. .३८ म्हणजे यादीतलं .३८०, प्रजेला विकता येत नाही. म्हणून त्याच घडणीत .३२. म्हणजे सुभेदारसाहेबांनी विचारलेला प्रकार, बोअर बदलून वापरणे, सरकारने स्वतः केला आणि दुकानात मांडला. दिल्लीच्या घटनेनंतर, २०१४ मध्ये, 'निर्भीक' नावाचं स्त्रियांसाठीचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, बोअर पुन्हा .३२. (रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही काडतुसं वेगळी असतात. परवानाधारकही यात गोंधळतात.) १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला आयात बंद. म्हणजे कित्येक वर्षं घ्यायचं तर हेच होतं, नाहीतर कोणाचं तरी जुनं विलायती, मागेल त्या किमतीला.

असं फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इटलीत लष्करी ९ एमएम नागरिकांना नव्हतं, म्हणून तिथे दोन मिलीमीटर लांब नळकांड्याचं काडतूस वापरात आलं. मेक्सिकोत .४५ सैन्याचं, म्हणून .३८ सुपर. फ्रान्सने मात्र २०१३ मध्ये बसून विचार केला आणि 'लष्करी बोअर' ही कसोटीच काढून टाकली. हत्यार काय करू शकतं ते बघायचं ठरवलं. कडक राहूनही हे करता येतं.

आता सांगा, या बोअरबंदीचा आज उपयोग काय होतो? चकमकीनंतर किंवा शरणागतीनंतर पोलिसांच्या पत्रकात जप्त हत्यारांची यादी असते, ती आपल्या भागातल्या वाचकाला पाठ आहे. एसएलआर, .३०३, १२ बोअर, भरमार. पोलिसांची गोळी दुसऱ्याच्या बंदुकीत चालू नये म्हणून दीडशे वर्षं धडपड, आणि इथे बंदूक-गोळी दोन्ही पोलिसांकडूनच लुटलेली. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर समोर एके-४७ होत्या आणि आपल्या माणसांकडे .३०३ आणि लाठ्या. तेव्हा कळलं की अविश्वासाची सवय आपण पोलिसांच्या बाबतीतही सोडली नव्हती.

आणि कट्टा? उत्तर भारतातली कुठलीही गुन्हेवार्ता उघडा: 'तीन सौ पंद्रह बोर का तमंचा'. मुंगेरची चोरटी पिस्तुलं बघा: ७.६५, म्हणजे .३२. गावठी कारागीर ज्या गोळ्या मिळतात त्या बोअरची नळी करतो. मिळतात कुठल्या? ज्या परवानाधारकांसाठी सरकारी कारखान्यात बनतात त्या. आपल्या खडकीच्या कारखान्याचे 'केएफ' शिक्के असलेली काडतुसं. सैन्याच्या गोळीपासून वाचवायला जे बोअर प्रजेला दिले, तेच गुन्हेगारीचे बोअर झाले. भिंत बांधली होती पुढच्या दाराला, चोर मागच्या दाराने रोज येतोय, आणि आपण पुढच्या भिंतीला रंग देतोय.

मी काय मागतोय? ९ एमएम सगळ्यांना द्या, असं मुळीच नाही. यादीतल्या प्रत्येक आकड्यापुढे आजचं कारण लिहा. कारण असेल तर ठेवा, आणखी कडक करा. .३१५ आणि .३२ च्या गोळ्या परवानाधारकाकडून कुठे जातात याचा हिशेब काटेकोर ठेवा. माझ्या मते खरं काम तिथे आहे. आणि धानाच्या बांधीत रानडुकरं शिरतात तेव्हा पीक संरक्षणाच्या परवान्यासाठी फेऱ्या मारणाऱ्या शेतकऱ्याला, त्याच्या ठासणीच्या बंदुकीला आणि शहरातल्या मिरवायच्या पिस्तुलाला एकाच तागडीत तोलू नका.

हे सगळं परवा पुन्हा टपरीवर बसून सुभेदारसाहेबांना सांगितलं. शांतपणे ऐकलं. .४१० ला लाकडी ठोकळा बसवायचे हे ऐकून मात्र हसले. म्हणाले, "आमच्या गावातला एक बुढा जेलात पहारेकरी होता. सांगे, मह्या बंदुकीत एकच गोळी मावते, बाकीची जागा लाकडाची हाय. आमी पोरं समजो का बुढा थापा मारते."

मग चहाचे पैसे त्यांनीच दिले. निवडणूक आली की पिस्तूल ठाण्यात जमा करावं लागतं, त्याची पावती यंदा नीट जपून ठेवायची असं पुटपुटत गाडीला किक मारली.